दिव्यांग विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात कोणती मदत, कोणाकडे आणि केव्हा मागावी: विदर्भातील गावांतून येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बारावीनंतर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला कायद्याने बरेच काही देऊ केले आहे, परंतु त्यातले आपोआप हाती पडणारे फारच थोडे असते. शाळेत वर्गशिक्षक ओळखीचे असतात आणि बोर्डाचा अर्ज भरताना लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत आपण सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्याची, सोयही बहुधा शाळाच पाहते. महाविद्यालयात शेकडो विद्यार्थ्यांच्या अर्जांत आपला अर्ज एक असतो आणि आपण सांगितल्याशिवाय आपली अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे काय मागायचे, कोणत्या महिन्यात मागायचे आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागायचे, हे आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष पुष्कळ सुकर जाते.

हा लेख विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया येथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम येथील संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी, तर चंद्रपूर व गडचिरोली येथील २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी. कायदा सर्वांना एकच असला तरी अर्जाचे नमुने, तारखा आणि परिपत्रके विद्यापीठागणिक वेगळी निघतात, म्हणून आपले महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचे आहे हे आधी पाहावे आणि दुसऱ्या विद्यापीठातील नातेवाइकाचा अनुभव प्रमाण मानू नये.

आपण कायद्यात बसतो का

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा या सर्व सवलतींचा पाया आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे मोजके प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात हे लोकांना माहीत असतात. मात्र अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, स्नायूंचा क्षय, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, आम्लहल्ल्यातील पीडित, तसेच हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत, हे अनेक घरांत पोहोचलेलेच नाही.

विदर्भाच्या दृष्टीने यातील सिकलसेलचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात हा आजार असलेली मुले मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी स्वतःला कधी दिव्यांग म्हणवून घेतलेले नसते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. गावात आरोग्य केंद्राच्या तपासणीत जी सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यातून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. विद्यार्थी नुसता वाहक आहे की आजारी आहे, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. वाहकाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. आजारी व्यक्तीला तपासणीअंती मिळू शकते. ज्यांच्या घरी सिकलसेलचे नुसते कार्ड आहे, त्यांनी ही दुसरी चाचणी झाली आहे का, हे महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.

बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. त्याहून कमी असल्यास आरक्षण व शिष्यवृत्ती मिळत नाही, परंतु परीक्षेतील लेखनिकाची वाट मात्र बंद होत नाही; त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

पहिले काम यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्राचे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. घरी सोय नसल्यास सेतू केंद्रातून भरून घेता येतो. आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि जुने प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत लागते. अर्ज भरताना निवडलेल्या रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागते. जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत दिव्यांग मंडळ ठरावीक वारीच बसते व कान, डोळे, हाडे यांचे तज्ज्ञ एकाच दिवशी असतीलच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारल्याशिवाय अहेरी किंवा धारणीहून गाडी पकडू नये. कर्णबधिर विद्यार्थ्यांना बेरा ही श्रवणक्षमता तपासणारी चाचणी सांगितली जाते. ती त्या रुग्णालयात नसल्यास वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात व आणखी एक फेरी होते.

कार्डावरील पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ७९ टक्के असल्यास पिवळा, ८० व त्यापुढे निळा. ज्यांच्याकडे राज्याच्या पूर्वीच्या एसएडीएम या ऑनलाइन प्रणालीवरचे किंवा हाताने लिहिलेले प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते यूडीआयडीत वर्ग करून घ्यावे, कारण शिष्यवृत्तीची संकेतस्थळे आता हाच क्रमांक मागतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर दोन गोष्टी तेथेच, खिडकीसमोर उभे राहून तपासाव्यात. पहिली म्हणजे नाव. टीसीवर, आधारवर आणि प्रमाणपत्रावर नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच हवे. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्तीचा अर्ज महिनोन्‌महिने अडकतो आणि तेव्हा दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागते. दुसरी म्हणजे मुदत. प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की तात्पुरते, हे त्यावर लिहिलेले असते. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत शाळेत मिळालेले प्रमाणपत्र १८ व्या वर्षी नव्याने तपासून घ्यावे लागते आणि त्यानंतरचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. बारावीपर्यंत सवलत मिळालेला विद्यार्थी बीए किंवा बीकॉमच्या पहिल्याच परीक्षेत अडतो, त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

प्रवेशाच्या वेळी

अधिनियमाच्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या कमाल मर्यादेत पाच वर्षांची सूट असते. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या प्रवेशांत अर्ज भरतानाच दिव्यांग हा पर्याय निवडावा लागतो आणि कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. ती मुदत हुकली की त्या फेरीपुरता हा दावा संपतो. अभियांत्रिकीसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत संबंधित विषयांत ४५ टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातील दिव्यांग उमेदवाराला ४० टक्के पुरतात. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे प्रवेश बहुतेक ठिकाणी महाविद्यालयच गुणवत्ता यादी लावून देते. तेथे जागा सहसा रिकाम्या असतात म्हणून "तुला आरक्षणाची गरजच काय" असे बोलले जाते. जागा मिळत असली तरी प्रवेश अर्जातील दिव्यांग हा रकाना भरूनच घ्यावा. पुढे परीक्षा विभागाकडे आणि शिष्यवृत्तीच्या यादीत आपली नोंद जाते ती याच रकान्यावरून.

वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात असे ठरवले की, केवळ दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्यावर आहे म्हणून कोणाला एमबीबीएससाठी अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, याचे मत दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने कारणांसह नोंदवले पाहिजे.

विषय निवडताना घाई करू नये. अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याने भूगोल घ्यावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच आहे. मात्र नकाशाच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न मिळतो का, प्रात्यक्षिकाला सहायक घेता येतो का, हे विभागप्रमुखांना आधी विचारावे आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

पहिल्या पंधरा दिवसांतील अर्ज

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या धोरणानुसार महाविद्यालयात समान संधी केंद्र किंवा कक्ष असावा लागतो. तालुक्याच्या लहान महाविद्यालयात त्याची पाटी दिसतेच असे नाही. परंतु कोणत्या तरी प्राध्यापकांकडे ती जबाबदारी कागदावर दिलेली असते. कार्यालयातील मुख्य लिपिकांना विचारले की नाव कळते. त्या सरांना किंवा मॅडमना प्रत्यक्ष भेटावे, पण अर्ज मात्र प्राचार्यांच्या नावे द्यावा.

अर्जात "मी दिव्यांग असून मला सहकार्य करावे" असे मोघम वाक्य लिहू नये. असे अर्ज सहानुभूतीने वाचले जातात आणि फायलीत जातात, कारण त्यावर नेमके काय करावे हे कोणालाच कळत नाही. प्रमाणपत्रावरची टक्केवारी आपली पात्रता सिद्ध करते. गरज काय आहे, ती आपणच सांगावी लागते. नमुन्यादाखल एका अस्थिव्यंग विद्यार्थिनीचा अर्ज असा असू शकतो:

"प्रति, मा. प्राचार्य. विषय: दिव्यांग विद्यार्थिनी म्हणून आवश्यक सोयी मिळणेबाबत. महोदय, मी बीए प्रथम वर्षात प्रवेश घेतला असून माझ्या दोन्ही पायांना पोलिओमुळे ६५ टक्के दिव्यांगत्व आहे. यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. मी कुबड्यांच्या साह्याने चालते व जिना चढू शकत नाही. माझ्या वर्गाचे मराठी व इतिहासाचे तास पहिल्या मजल्यावर होतात. तरी, १) हे तास तळमजल्यावरील खोलीत घ्यावेत, २) ग्रंथालयातील पुस्तके मला तळमजल्यावरील खिडकीतून मिळावीत, ३) तळमजल्यावरील मुलींच्या प्रसाधनगृहाची चावी दिवसभर उपलब्ध असावी, ४) सर्व अंतर्गत व विद्यापीठ परीक्षांत माझी बैठक व्यवस्था तळमजल्यावर करावी, ही विनंती. अधिनियम २०१६ च्या कलम १६ अन्वये या सोयी अपेक्षित आहेत."

यातील चारही मागण्यांना पैसा लागत नाही, केवळ एक निर्णय लागतो, आणि माझ्या मते सुरुवात नेहमी अशाच मागण्यांनी करावी. उद्वाहन बसवा ही मागणी योग्यच आहे, पण ती निधीवर अडते. इतिहासाचा तास खाली आणणे वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकाच्या हातात असते. उतरत्या वाटेविषयी, म्हणजे रॅम्पविषयी, मागणी करताना मापही लिहावे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला उभा रॅम्प अनेक इमारतींत दिसतो. तपासणीच्या दिवशी तो छायाचित्रात चांगला येतो, चाकाची खुर्ची मात्र त्यावरून चढत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घेऊन ती स्वतःकडे ठेवावी. पोच मागितल्याने कोणी नाराज होईल असा संकोच बाळगू नये. कार्यालयाची ती रोजची रीत आहे.

सिकलसेल असलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जातील मागण्या अर्थातच वेगळ्या असतील. शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, जंतुसंसर्ग आणि कडाक्याची थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणे जमत नाही, त्यामुळे वारंवार पाणी पिणे व वारंवार लघवीला जाणे ही त्याची गरज असते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपुरात उन्हाळी परीक्षा असेल तर ती कळीची ठरते. म्हणून पाण्याची बाटली बाकावर ठेवण्याची परवानगी, परीक्षेच्या वेळी लघवीला जाण्याची मुभा, पंख्याखालची जागा, एनसीसी व क्रीडा उपक्रमांतील श्रमांतून सूट, आणि रुग्णालयात भरती राहिल्यास उपस्थितीत सवलत, एवढे लेखी मागावे. झटका येऊन अंतर्गत परीक्षा बुडाल्यास भरतीचा कागद त्याच आठवड्यात द्यावा. सत्र संपल्यावर दिलेल्या कागदाचा काही उपयोग होत नाही.

परीक्षा: लेखनिक आणि वाढीव वेळ

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि विद्यापीठांची परिपत्रके साधारणपणे त्यांच्यावर आधारलेली असतात. त्यांतील मुख्य तरतूद अशी की, दर तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे असा हिशेब होतो. वाढीव वेळ लेखनिक घेणाऱ्यांनाच मिळतो हा समज चुकीचा आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेला, पण स्वतः लिहिणारा विद्यार्थीही तो मागू शकतो.

अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि मेंदूचा पक्षाघात असलेले विद्यार्थी यांनी मागितल्यास लेखनिक द्यावाच लागतो. इतर प्रकारांत, लिहिण्यास शारीरिक मर्यादा असल्याचे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडून ठरावीक नमुन्यात आणावे लागते. हा नमुना महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातून आधी घ्यावा, मग रुग्णालयात जावे. कोऱ्या कागदावर लिहून आणलेला डॉक्टरांचा दाखला परत केला जातो आणि परीक्षा चार दिवसांवर आलेली असते.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे, पण हाताने लिहिता येत नाही, अशांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा निकाल आधाराचा आहे. लिहिताना बोटे आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या. महाविद्यालयात "चाळीसच्या खाली काही मिळत नाही" असे सांगितले गेल्यास या सूचनांची प्रत अर्जाला जोडावी.

लेखनिक कोण असावा, याबद्दल २०१८ च्या सूचना म्हणतात की, स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी. बरीच महाविद्यालये याचा अर्थ खालच्या वर्गात शिकणारा विद्यार्थी असा घेतात. आपल्या विद्यापीठाचे चालू परिपत्रक काय म्हणते ते पाहावे, कारण स्पर्धा परीक्षांचे नियम विद्यापीठाहून वेगळे असतात आणि बदलतही असतात. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषेच्या पेपरांना, वेगळा लेखनिक घेता येतो. ऐनवेळी लेखनिक आजारी पडल्यास बदलता येतो. लेखनिक संस्थेने दिला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची संधी मिळाली पाहिजे, म्हणजे त्याचे अक्षर, वाचण्याची गती आणि विषयातील शब्द त्याला कळतात की नाही, याचा अंदाज येतो.

गावातल्या विद्यार्थ्याची खरी अडचण नियमात नसून माणूस मिळण्यात असते. हिवाळी परीक्षेच्या वेळी वऱ्हाडात कापसाची वेचणी आणि भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी सुरू असते; अकरावी-बारावीची मुले घरच्या शेतात लागतात, आणि जी रिकामी असतात त्यांची स्वतःची परीक्षा असते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच दोन नावे ठरवून ठेवावीत, एक मुख्य व एक राखीव, आणि दोघांच्याही ओळखपत्रांच्या व गुणपत्रिकांच्या प्रती आपल्याकडे घेऊन ठेवाव्यात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती केली तर स्वयंसेवकांची लेखनिक यादी तयार होऊ शकते. हे काम एका महाविद्यालयात एकदा झाले की पुढच्या मुलांनाही ती यादी मिळते. ठरवलेल्या लेखनिकाला घेऊन किमान दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. उत्तर मनात असणे आणि ते विरामचिन्हांसकट दुसऱ्याला सांगता येणे यांत बरेच अंतर आहे आणि ते सरावाशिवाय कापले जात नाही.

वाढीव वेळेची एक अडचण परिपत्रकात सापडत नाही. दुपारी दोनचा पेपर पाचला सुटतो, वाढीव तासासह तो सहाला सुटणार, आणि गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला निघून गेलेली असते. मग मुलगी, विशेषतः लेखनिकही मुलगीच असेल तर, तास अर्धवट टाकून उठते. हे टाळण्यासाठी वेळापत्रक लागताच केंद्रप्रमुखांना लेखी कळवावे आणि पेपर लवकर सुरू करण्याची, सकाळच्या सत्रात बसण्याची किंवा परीक्षेच्या काळापुरती वसतिगृहात राहण्याची सोय मागावी. यांपैकी तिसरी सोय सहसा लवकर मंजूर होते, कारण त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

लेखनिक नको असेल तर संगणकावर उत्तरे लिहिणे, ब्रेलमध्ये लिहिणे, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, बोलणारे गणकयंत्र, टेलर फ्रेम (अंधांसाठी गणिते मांडण्याची पाटी) हे पर्यायही सूचनांत आहेत. संगणक वापरायचा असल्यास तो आदल्या दिवशी तपासून घेण्याची मुभा असते. कर्णबधिर विद्यार्थ्यांना कलम १७ नुसार दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट मागता येते. ही सर्व मागणी परीक्षा अर्ज भरतानाच करावी आणि दर सत्राला नव्याने करावी. मागच्या सत्राची मंजुरी पुढे आपोआप चालत नाही.

शिष्यवृत्ती

येथे दोन दारे आहेत: केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि राज्याचे महाडीबीटी. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत मिळते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. नामांकित संस्थांमध्ये शिकणाऱ्यांसाठी असलेल्या टॉप क्लास योजनेत ही मर्यादा आठ लाख आहे. महाडीबीटीवरही दिव्यांगांसाठी स्वतंत्र मॅट्रिकोत्तर योजना आहे. एकाच शिक्षणासाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी दिव्यांग म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या प्रवर्गाच्या शिष्यवृत्तीत फीमाफीसह एकूण किती मिळते, याची तुलना करावी. अनेकदा तीच अधिक फायद्याची ठरते.

अर्ज रखडण्याची कारणे ठरलेली आहेत: बँक खाते आधारशी जोडलेले नसणे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना असणे, आणि महाविद्यालयाच्या नोडल (शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या) अधिकाऱ्याने अर्ज पुढे न पाठवणे. तिसऱ्या कारणासाठी दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती पाहावी आणि अर्ज संस्थेच्या पातळीवर अडकलेला दिसला तर कार्यालयात जाऊन उभे राहावे.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. रक्कम लहान असते, पण श्रवणयंत्राची दुरुस्ती किंवा परीक्षा शुल्क यासाठी ग्रामसेवकाकडे अर्ज करण्यास काहीच हरकत नाही. तीनचाकी सायकल, कॅलिपर, श्रवणयंत्र, अंधांसाठी स्मार्टफोन अशी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरांत मिळतात. शिबिराची तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळते. नागपूरला केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय पुनर्वसन केंद्र आहे आणि तेथे तपासणी व साधने या दोन्हींबाबत मार्गदर्शन मिळते.

जाणे-येणे आणि राहणे

एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबत्याला ५० टक्के. सिकलसेलच्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवासाची वेगळी सवलत आहे. रेल्वेची सवलत यूडीआयडी दाखवून लगेच मिळत नाही. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन रेल्वेच्या मंडळ (डिव्हिजन) कार्यालयाकडून वेगळे ओळखपत्र काढावे लागते, आणि ती ठरावीक प्रकारच्या दिव्यांगत्वांनाच लागू आहे.

समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहांत दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याला वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. तिच्यात इतरांना ५० टक्के गुणांची अट आहे, दिव्यांगांना ४० टक्क्यांची.

अभ्यासाची साधने

अंध व अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांना संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि तो मराठी वाचतो; अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच असतो. सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय असून तेथे नोंदणी करून ऐकण्याजोगी व ब्रेल पुस्तके उतरवता येतात. हवे ते क्रमिक पुस्तक तेथे नसेल तर ते स्कॅन करून सुलभ स्वरूपात आणणे कायदेशीर आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी ही सूट दिलेली आहे, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात किंवा ग्रंथालयात कोणी अडवल्यास तसे सांगावे.

प्राध्यापकांच्या टिपणांबाबत मात्र एक तांत्रिक विनंती जरूर करावी. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी पडद्यावर सुरेख दिसते, परंतु स्क्रीन रीडर ते वाचताना अर्थहीन इंग्रजी अक्षरे बोलू लागतो. टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत, आणि फोटो काढून पाठवण्याऐवजी मूळ फाइल पाठवावी, एवढे सांगितले की बहुतेक जण ऐकतात. त्यांना ही अडचण असते हेच ठाऊक नसते.

कर्णबधिर विद्यार्थ्याने पहिल्या बाकावर बसावे आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, अशी विनंती त्यांना करावी. फोनवरील लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप मराठी बोलणे लिहून दाखवते. वर्गात नेटवर्क असेल आणि फोन शिक्षकांच्या टेबलावर ठेवता आला तर ते बऱ्यापैकी उपयोगी पडते. वर्गात फोन वापरण्याची परवानगी मात्र आधी लेखी घ्यावी.

नकार मिळाल्यास

तोंडी नकार स्वीकारू नये. "हेच कृपया लेखी द्यावे" असे नम्रपणे म्हणावे. पुष्कळ नकार येथेच मावळतात. तरीही काम झाले नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करता येते. समितीने १५ कार्यालयीन दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

परीक्षा तोंडावर असल्यास हा क्रम पाळत बसण्याइतका वेळ नसतो. अशा वेळी एकच अर्ज प्राचार्य, विद्यापीठाचे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आणि पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्त या तिघांना एकाच दिवशी ईमेलने पाठवावा व प्राचार्यांच्या प्रतीवर पोच घ्यावी. आयुक्तांना अधिनियमानुसार अशा तक्रारींची चौकशी करण्याचे अधिकार आहेत आणि तक्रारीसाठी वकील लागत नाही. सोबत चार कागद पुरतात: यूडीआयडी कार्डाची प्रत, पहिल्या अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच, नकाराचे पत्र किंवा नकार कोणी व कोणत्या तारखेला दिला याचे दोन ओळींचे टिपण, आणि परीक्षेचे वेळापत्रक. विषयाच्या ओळीत परीक्षेची तारीख ठळकपणे लिहावी, म्हणजे टपाल उघडणाऱ्या लिपिकालाही हा अर्ज आजच पुढे द्यायचा आहे हे कळते.